मामाजींच्या नावावरची बाकी

मोताळा, शुक्रवार, २ सप्टेंबर १९६६

आज घरात आलेले :
हरभरा डाळ एक किलो, १ रु. १० पैसे.
गूळ अर्धा किलो, ५५ पैसे.
जिवतीच्या पूजेला आघाडा, फुले, शेजारून, फुकट.
कोर्टाचे समन्स, नग एक, २८६ रु. ४० पैसे, खर्च वेगळा.

शेवटची रक्कम जमाखर्चाच्या वहीत कोणत्या बाजूला टाकावी ते कळेना, म्हणून ती इथे. माझे हात पुरणात होते आणि दारात खाकी शर्टातला बेलीफ. मामाजी पुढे झाले. त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला, पत्ता तपासला, सही केली, सहीखाली तारीख आणि वेळ घातली. टपालखात्यात तीस वर्षे पोस्टमन होते, सवय जात नाही. मग मला म्हणाले, "शालू, याले चहा दे."

आत्याबाई आतून नवऱ्यावर ओरडल्या, "समन्स आणणाऱ्याले चहा कायले बाप्पा?"

"त्याचा काय दोष? कागद आणणाऱ्याचा कधी दोष नसते."

चहा झाला. दोन चमचे साखर गेली.

प्रकरण असे. पाच वर्षांपूर्वी कोकिळावन्संच्या लग्नाचे कापड बुलढाण्याच्या भगवंतराव शेटांकडून उधारीवर आणले होते, ३३४ रुपयांचे. दीडशे मामाजींनी त्याच दिवाळीला दिले. उरलेले १८४ पुढच्या चैत्रात धाड गावी एका लग्नात शेट भेटले तेव्हा त्यांच्या हातात दिले. शेट आणि मामाजी एका शाळेतले दोस्त. त्याच आठवड्यात शेट वारले. आता त्यांचा मुलगा जानराव म्हणतो, वहीत बाकी आहे, व्याजासकट द्या.

"आन् पावती?" आत्याबाईंनी विचारले.

मामाजींनी समन्सची घडी घातली. मग म्हणाले, "तीस वर्षं मनिऑर्डरीवर लोकायचे अंगठे घेतले. दोस्ताचा कसा घेऊ?"

जिवतीला म्हटले, आई, घरातल्या लेकरांना सांभाळ, आणि या बासष्ट वर्षांच्या लेकरालाही.

रविवार, ४ सप्टेंबर

मामाजी आज जेवता जेवता म्हणाले, "पैशाचं नाही गं. या तालुक्यात माह्या हातून हजारो रुपये गेले, एक आणा इकडचा तिकडं नाही. आता लोक म्हणतीन, पुंजाजी पोस्टमन बुडव्या निघाला."

पोस्टाच्या पुस्तकात त्यांचे तीनशे पाच रुपये आहेत. ते आत्याबाईंच्या काशीचे. दोघांना मिळून पुरतील असे मी दोनदा आखून दिले आहे, परतीचा शिधा धरून.

सोमवार, २६ सप्टेंबर

बुलढाण्याला जाऊन आले! एस.टी. जाताना माणशी ८० पैसे, येताना ८० पैसे. ह्यांना कापसाच्या जिनातून सुटी मिळेना, माल यायच्या आधी वजनकाटे तपासायचे असतात, म्हणून मामाजींबरोबर मी गेले. मॅट्रिक झालेली सून घरात असताना कागद दुसऱ्या कोणाकडून कशाला वाचून घ्यायचे, असे मामाजींनीच म्हटले.

घाट चढताना कपाशीची शेते खाली खाली गेली आणि मला उगीच हसू यायला लागले. खटल्याला जाताना हसणारी बाई मीच असेन. हसू पदरात दाबले.

भाऊराव वकील ठेंगणे आहेत, टेबलामागे बसले की नुसते डोके दिसते. कागद वाचून ते डोके एकदम वर आले. "अहो, हे प्रकरण तर मुदतीच्या बाहेर गेलंय. उधारीचा दावा तीन वर्षांत लावायचा असतो. त्यांना पाच झाली."

मी म्हणाले, "मग झालंच की!"

"थांबा. इथं लिहिलंय, डिसेंबर १९६३ मध्ये पुंजाजींनी दुकानात येऊन पाच रुपये दिले आणि वहीत सही केली. तसं असेल तर मुदत तिथून पुन्हा मोजायची. म्हणजे दावा जिवंत."

मामाजी उठून उभे राहिले. "म्यां? पाच रुपये? शेट गेल्यावर त्या दुकानाची पायरी नाही चढलो मी!"

"मग ही नोंद खोटी आहे एवढं दाखवायचं. दावा आपोआप मुदतबाह्य."

"मले मुदतबिदत नाही पाह्यजे, वकीलसाहेब. मी फेडलं असं लिहून पाह्यजे."

भाऊराव वकिलांनी टोपी काढली, डोके पुसले, टोपी घातली. "पावती आणा, लिहून देतो."

वकिलांची फी पस्तीस रुपये, तीन हप्त्यांत. कोर्टासमोर चहा १० पैसे कप. एकच घेतला, मामाजींनी अर्धा बशीत दिला.

शनिवार, १ ऑक्टोबर

मनात खोट नको म्हणून लिहून ठेवते. मुदत गेली म्हणून सुटणे मला आवडत नाही. देवाच्या दारात मुदत असते का? नवस पाच वर्षांनी फेडला तरी देव घेतो. ह्यांना विचारले तर म्हणाले, "अवं, आपण फेडलेलं हाये ना? मग कोणत्या का दारानं होईना, बाहेर निघू." बरोबर वाटले. मग पुन्हा बरोबर वाटेना. मग भाकरी करपली.

रविवार, १३ नोव्हेंबर. पाडवा

ओवाळले. ह्यांनी ताटात दोन रुपये टाकले, गेल्या वर्षी एक होता. विचारले तर म्हणे, "वकिलीन बाईची फी वाढली."

मामाजी आज गावात निघाले नाहीत. पाडव्याला ते दरवर्षी सगळ्या दुकानांत नमस्काराला जातात. दारातल्या बाजेवर बसून राहिले. टपाल नसते त्या दिवशीही ते तिथेच बसतात. घरचे कोणतेही पत्र आधी त्यांच्या हातात पडते, पत्ता मोठ्याने वाचतात, मगच आत येते.

सोमवार, १२ डिसेंबर

भाऊराव वकिलांनी वहीच्या पानाची नक्कल पाठवली. रोजच्या रोज लिहितात ती कीर्द जानरावांकडे नाहीच म्हणे, उधळीने पोखरून खाल्ली. नावानिहाय खाते लिहितात ती खतावणी मात्र उधळीने सोडली. शहाणी उधळी.

शेवटची ओळ अशी : "मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८८५. रोख जमा रु. ५, हस्ते खुद्द. सही पुंजाजी." बघत बसले. सही अगदी मामाजींसारखी, पण मामाजींची सही तिसरीतल्या पोरालाही जमेल अशीच आहे. पुढच्या सोमवारी साक्ष आहे आणि आपल्या हातात काहीच नाही.

उद्यापासून मार्गशीर्ष लागतो. गुरुवारसाठी तांब्याचा कलश घासायला काढला.

गुरुवार, १५ डिसेंबर

सापडले! सापडले! सापडले!

नीट लिहिते. शाई सांडली, पुसली, फडके वाया.

सकाळी पूजा मांडली. कलश, पाच फळे (दोन पेरू, दोन बोरे, एक लिंबू, लिंबू फळच आहे), पोथी उघडली. आत्याबाई म्हणाल्या, "उद्यापनाले सवाष्णी किती बोलावतं? मागं त्या साली राह्यलंच होतं ना तुह्यं?"

"कोणत्या साली, आत्याबाई?"

"अवं, पोरगी व्हायच्या आंधी. तू कलश मांडून बसली आन् जोशीबुवा म्हणले, पोरी, यंदा मार्गशीर्षच नाही."

मी तशीच उठले. पोथी उघडी, दिवा तसाच. लक्ष्मीला सांगितले, एक मिनिट थांब, तुझेच काम आहे.

मला सगळे आठवले. लग्नाला चार वर्षे झाली तरी पाळणा हलला नव्हता म्हणून मी चार गुरुवारांचा नवस बोलले होते. आणि नेमक्या त्याच वर्षी पंचांगात कार्तिकानंतर एकदम पौष. अधिक महिना तर दर दोन-तीन वर्षांनी येतो, सगळ्यांना ठाऊक. पण महिना गळतो तो माणसाच्या जन्मात एखादे वेळी. त्याला क्षयमास म्हणतात. तेव्हा मी किती रडले होते! वाटले, देवाने माझ्यासाठी महिनाच ठेवला नाही. पेटीतून त्या साली लिहिलेली वही काढली. हे माझ्याच अक्षरात : "यंदा मार्गशीर्ष लोपला. नवस पुढच्या वर्षी. नारळ परत दिला, दुकानदाराने दोन पैसे कापले." शके १८८५.

म्हणजे जानराव शेटांच्या वहीत मामाजींनी पाच रुपये दिले त्या महिन्यात, जो महिना झालाच नाही!

नंतर कोणीतरी बसून ती ओळ लिहिली. डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष असणारच, असे धरून. बाकी कोण लक्षात ठेवील? नवस अडलेली बाईच ठेवील.

धावत बाजेपाशी गेले. मामाजींना सांगितले. त्यांना पहिल्यांदा कळलेच नाही. दुसऱ्यांदा कळले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आत्याबाई म्हणाल्या, "आंधी पूजा पुरी कर. लक्ष्मी ताटकळून राह्यली."

शुक्रवार, १६ डिसेंबर

जोशीबुवांकडे. त्यांनी त्या सालचे पंचांग माळ्यावरून काढले, शिंकले आणि म्हणाले, "एकशे एक्केचाळीस वर्षांनी आला होता असा योग. लोक विसरले? तीनच वर्षं झाली!" सोमवारी साक्षीला यायला तयार आहेत. एस.टी.चे भाडे आपण द्यायचे, भत्ता नको, फक्त परतीत घाटातल्या देवळापाशी दोन मिनिटे. एस.टी. थांबणार कशी ते मी विचारले नाही.

सोमवार, १९ डिसेंबर

आज मला झोप येणार नाही, म्हणून सगळे लिहूनच टाकते.

मी सकाळी भाऊराव वकिलांना बाजूला घेऊन सांगितले, "जानरावांच्या मुनीमजींना आधी लोपलेल्या महिन्याचं विचारू नका. आधी त्यांना मार्गशीर्षात पक्कं बसू द्या." ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तुम्ही वकील व्हायला हव्या होत्या." हे वाक्य मी इथे दोनदा लिहिले होते, एकदा खोडले.

पिंजऱ्यात तुळशीराम मुनीम. पांढऱ्या मिशा, कोट मळका पण गुंड्या सगळ्या लावलेल्या. भाऊराव वकील गोड आवाजात म्हणाले, "मुनीमजी, वहीत मिती अंदाजानं घालता की पंचांग पाहून?"

"अंदाजानं? तीस साल झाले मले या गादीवर. पंचांग खुंटीले टांगलं असते. पाह्यल्याशिवाय लेखणी बुडवत नाही मी."

"म्हणजे हे पाच रुपये मार्गशीर्षातच आले?"

"मार्गशीर्षातच. त्या दिवशी गुरुवार होता. दुकानात लक्ष्मीची पूजा मांडली होती. पुंजाजीले म्यां माह्या हातानं प्रसादाचं केळं देल्लं."

"खाल्लं त्यांनी?"

"अर्धं खाल्लं. अर्धं घरी घेऊन गेले."

मागच्या बाकावरून मामाजी उठले. "साहेब, म्यां जिंदगीत कधी अर्धं केळं ठेवलं नाही!"

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले, पण त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

"आणि बाकीचे गुरुवार?" भाऊराव वकिलांनी विचारले.

"चारही केले. दरसाल करतो."

मग जोशीबुवा. पंचांग न्यायाधीशांपुढे ठेवले. त्यांनी पाने उलटली, पुन्हा मागे आले, पुन्हा उलटली.

"यात मार्गशीर्षाचं पान कुठं आहे? फाटलंय का?"

"पान शाबूत आहे साहेब. महिनाच नव्हता."

"महिना नव्हता म्हणजे?"

"त्या साली लोपला. कार्तिकानंतर पौष. देवधर्म करणाऱ्या कोणालाही विचारा."

कोर्टात इतका हशा झाला की बाहेर चहावाल्याने आत डोकावून पाहिले. जानरावांचे वकील उठले, म्हणाले, लिहिताना चुकून महिन्याचे नाव चुकीचे पडले असेल. न्यायाधीश म्हणाले, "एक शब्द चुकेल. चार गुरुवार कसे चुकतील? आणि केळं?"

जानराव शेट मान खाली घालून बसले होते. मी तुळशीरामकडे बघितले आणि माझे हसू गेले. खाली उतरताना म्हाताऱ्याची पायरी चुकली, मामाजींनीच हात दिला. मालकाने सांगितले आणि त्यांनी लिहिले, दुसरे काय. माझ्या शहाणपणाने त्यांची नोकरी जाईल का? लक्ष्मी, मी जिंकायला आले होते, कोणाचे बुडवायला नाही.

परतीत जोशीबुवांनी कंडक्टरला आशीर्वाद दिला आणि एस.टी. खरेच दोन मिनिटे थांबली.

सोमवार, २३ जानेवारी १९६७

निकाल लागला. दावा फेटाळला! ती नोंद विश्वासाची नाही, म्हणून दावा मुदतीबाहेर. आमचा खर्चही जानरावांनी द्यायचा. मी बाकावर बसल्या बसल्या गणपतीला एकवीस मोदक बोलले. नारळ महाग आहेत, अकरा बोलायला हवे होते.

पण न्यायाधीशांनी पुढे हेही वाचले, की १८४ रुपये खरोखर दिले की नाही याचा पुरावा नाही, त्याबद्दल कोर्टाला काही म्हणता येत नाही. मामाजींनी दोन्ही हात कानामागे धरून ते ऐकले. बाहेर भाऊराव वकील पेढे आणायला निघाले तर म्हणाले, "राहू द्या. पेढे कायचे? फेडलं असं कुठं लिहिलं?"

स्टँडवर मामाजी तिकिटाच्या रांगेत उभे होते, मी पिशवी धरून बाकावर. शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली. पांढरे लुगडे, हातात गाठोडे. मी तिळगूळ पुढे केला. संक्रांतीचा होता, पिशवीत उरलेला. तिने घेतला आणि माझा हातच सोडेना.

"तू पुंजाजीची सून ना? मी जनकाबाई. भगवंतराव शेटांची."

मी उठायला लागले. तिने बसवले.

"तुह्या सासऱ्यानं पैसे देल्ले होते. मले ठाऊक हाये. धाडच्या लग्नाहून ते आले आन् रुमालात बांधलेले पैसे माह्या हातात देल्ले. म्हणले, पुंजाजीचे हायेत, ठेव, उद्या वहीत घालू. तो उद्या आलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यायची वाचा गेली, तिसऱ्या दिवशी ते गेले."

"मग पैसे?"

"माह्यापाशीच राह्यले. पोरी, दुकानात गठ्ठ्यानं लुगडे, पण मले एक लुगडं पाह्यजे तं जानरावले मागा लागे. माह्या लेकीचं, बेबीचं सासर जानेफळचं, गरीब. तिच्यासाठी जानेफळले त्या पैशाची म्हशीची पारडी घेतली. आता म्हैस झाली. दोन वेत झाले." आणि ती रडता रडता हसली. "दूध चांगलं देते."

मलाही हसू आले, काय करू? पाच महिने आम्ही एस.टी.त, कोर्टात, पंचांगात शोधले आणि मामाजींचे १८४ रुपये जानेफळला बसून रवंथ करत होते!

"तवा बोलले असते तं जानरावनं मले घरात ठेवलं नसतं. आतापण नाही ठेवणार. कोणाले सांगू नको. तिळगूळ खाल्लाय तुह्या हातचा." मी हातावर हात ठेवला. शब्द दिला. जानेफळला जाणारी मेहकरची गाडी लागली, ती लेकीकडे महिनाभर राहायला निघाली होती. मामाजी तिकिटे घेऊन आले तेव्हा बाकावर मी एकटीच.

घाटभर ते गप्प. मीही गप्प. दोघांच्या गप्प बसण्यात केवढा फरक!

मंगळवार, २४ जानेवारी

मामाजींनी सकाळी पोस्टाचे पुस्तक मागितले. म्हणाले, "एक तारखेले पेन्शन घेतो, हे पैसे काढतो आन् जानरावच्या गादीवर १८४ मोजून ठेवतो. लोकायसमोर. मंग कोणी म्हणून दाखवावं."

आत्याबाईंच्या हातातून लाटणे पडले. "आन् काशी?"

"नावाशिवाय काशीले जाऊन काय करू? विश्वेश्वर इचारीन, पुंजाजी, मुदतीवर सुटून आला का बे?"

"जिंकून वर पैसे द्याचे! डोकं ठिकाणावर हाये का?" आत्याबाई रडायला लागल्या, ह्यांनी जिनाला जायला उशीर केला, मुलीने बशी फोडली. आणि मी त्या सगळ्यांच्या मधोमध उभी, ओठ दाबून, पोटात म्हैस! एक शब्द बोलले असते तर सगळे घर नाचले असते. शब्द दिलेला आहे. देवघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले आणि मग तिथेच रडले. हसणे कुठे संपले ते सांगता येणार नाही.

बुधवार, २५ जानेवारी

शब्द मोडायचा नाही. पण शब्द सोडवून मागता येतो. उद्या सव्वीस जानेवारी, टपाल बंद, म्हणून पत्र आजच टाकले. लिफाफा १५ पैसे, आत एक कोरे कार्ड आमचा पत्ता घालून, ६ पैसे. नक्कल इथे ठेवते :

"ति. जनकाबाई यांस शालूचा शिरसाष्टांग नमस्कार. तुम्हाला पोथी वाचता येते असे ऐकून आहे, म्हणून सरळ लिहिते. बेबीताईंकडूनही वाचून घेऊ नका. स्टँडवर दिलेला शब्द मी पाळला आहे. घरात ह्यांनाही सांगितले नाही, आणि आमच्यात मी न सांगितलेली ही पहिलीच गोष्ट आहे.

पण मामाजी एक तारखेला पुन्हा १८४ रुपये भरायला निघाले आहेत. ते पैसे आत्याबाईंच्या काशीचे आहेत. तुमच्याकडून मला पैसे नकोत. म्हैस तुमचीच आहे, तिला सुखाने चारा घाला, माझ्याकडून तिच्या पाठीवरून हात फिरवा. साक्ष नको, कागद नको, कोर्ट नको. जानरावांच्या कानावर काही जाणार नाही. फक्त एका माणसाला सांगायची मोकळीक द्या. तो माणूस तीस वर्षे दुसऱ्यांची पत्रे वाहून एक अक्षर कोणाला बोलला नाही. हेही त्यांच्यापाशी तसेच राहील. त्यांना लोकांच्या तोंडून नको आहे, असे मला आता वाटते. शेटांना पैसे पोचले होते, एवढेच त्यांना हवे आहे.

सोबत कार्ड आहे. जास्त लिहू नका. आमच्याकडे येणारे टपाल आधी मामाजींच्याच हातात पडते. मोकळीक असेल तर फक्त 'पोचले' एवढे लिहा. ते मोठ्याने वाचतील, कार्ड उलटेपालटे करतील, कोणाचे म्हणून मला विचारतील, आणि मी तिथेच, बाजेपाशी, त्यांच्या कानात सांगेन. मोकळीक नसेल तर कोरेच पाठवा, मी तोंड मिटून त्यांच्याबरोबर बुलढाण्याला जाईन आणि पैसे मोजताना पिशवी धरीन.

तुमचा राग नाही. एक तारीख बुधवारी आहे. कृपा करून उलट टपाली कळवावे."